तिसऱ्या भागाला नेमकं होतं तरी काय?

'एक्स-मेन: अपोकॅलिप्स' या २०१६ च्या सुपरहिरो चित्रपटात काही तरुण मंडळी 'रिटर्न ऑफ द जेडाय' बघून थिएटरबाहेर पडतात. कथेतला काळ १९८३ चा आहे. स्टार वॉर्सचा कुठला भाग भारी यावर त्यांची हुज्जत चाललेली असते आणि त्यांच्यातलीच एक, जीन ग्रे, ती एका वाक्यात मिटवते: तिसरा भाग नेहमीच सगळ्यात वाईट असतो, यावर तरी कुणाचं दुमत नाही. हा टोमणा दहा वर्षांपूर्वीच्या 'एक्स-मेन: द लास्ट स्टँड'ला होता, हे चाहत्यांना लगेच कळलं. पण 'अपोकॅलिप्स' स्वतःसुद्धा २०११ पासून सुरू झालेल्या नव्या संचातला तिसराच होता. आधीच्या भागाने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले होते, याची गाडी ५४ कोटींवर थांबली. टोमणा मारणाऱ्यालाच तो लागू पडावा, असं क्वचित होतं.

सुपरहिरोंच्या त्रयीतला शेवटचा चित्रपट फसला की दोन उत्तरं तयार असतात. एक, कल्पना संपल्या. दोन, स्टुडिओला पैशाची हाव सुटली. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण त्यांनी फारसं काही उलगडत नाही. हाव पहिल्या भागालाही होती. हाव नसती तर कोळी चावलेल्या मुलावर कोट्यवधी डॉलर कुणी लावले असते? आणि कल्पनांचं म्हणाल तर २००७ च्या 'स्पायडर-मॅन ३'मध्ये कल्पनांचा दुष्काळ नव्हता, अतिवृष्टी होती. दिग्दर्शक तोच, सॅम रेमी. नायक-नायिका तेच, टोबी मॅग्वायर आणि कर्स्टन डन्स्ट. पटकथेत दुसऱ्या भागाचे लेखक आल्विन सार्जंट होतेच. तीन वर्षांत ही सगळी माणसं चित्रपट बनवायला विसरली, असं तर झालं नाही ना? म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे, आणि माझ्या मते तो शोधायला तिसऱ्या भागाकडे नव्हे, दुसऱ्याकडे बघावं लागतं.

सुपरहिरोच्या गोष्टीत पहिल्या भागाचं काम ठरलेलं असतं. शक्ती कशी मिळाली, पोशाख कसा आला, पहिला शत्रू कोण, हे सांगता सांगता दोन तास संपतात. माणूस म्हणून नायकाला खरा प्रश्न पडतो तो दुसऱ्या भागात. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये तो प्रश्न अगदी स्वच्छ आहे: लोकांना वाचवत राहायचं की स्वतःचं आयुष्य जगायचं? पीटर पार्करची नोकरी जाते, कॉलेज बुडतं, मेरी जेन दुसऱ्या कुणाशी लग्न ठरवते, आणि शेवटी त्याच्या शक्तीच त्याला दगा देतात. समोर खलनायक एकच, डॉक्टर ऑक्टोपस. तोही आपल्या स्वप्नापायी बायको गमावलेला शास्त्रज्ञ. चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग त्या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि शेवटी प्रश्न सुटतो. मेरी जेनला त्याचं गुपित कळतं, ती लग्नमंडपातून पळून त्याच्या दारात येते आणि तो धोका आपणही पत्करायला तयार आहोत असं सांगते.

आता तिसऱ्या भागाने करायचं काय? नायकाचा मूळ पेच सुटलाय. हातात उरल्यात त्या फक्त लोंबकळत राहिलेल्या गोष्टी: मित्र हॅरीला कळलंय की आपल्या वडिलांच्या मृत्यूशी ज्याचा संबंध आहे तो स्पायडर-मॅन म्हणजे पीटरच. ही उधारी पहिल्या भागापासून साठत आलेली, आणि त्रयीचा शेवटचा भाग असल्यामुळे ती आता चुकवावीच लागणार. पण उधारी चुकवण्यातून नवी गोष्ट तयार होत नाही. मग नवा पेच बाहेरून आणावा लागतो. रेमीला सँडमॅन हवा होता. आजारी मुलीच्या उपचारांसाठी चोऱ्या करणारा, पूर्ण वाईट नसलेला माणूस. यातून क्षमेबद्दलचा चित्रपट होऊ शकला असता, आणि काही मिनिटं तो होतोही. वाळूच्या कणांतून हा सँडमॅन, म्हणजे फ्लिंट मार्को, पुन्हा उभा राहतो ते दृश्य आठवा. एकही संवाद नाही. तो उठतो, ढासळतो, मुलीचं लॉकेट उचलायला जातो तर हाताचीच वाळू होते. २००७ मधलं ते व्हीएफएक्सचं काम आजच्या कित्येक महागड्या चित्रपटांना लाजवेल. त्या प्रसंगापुरता 'स्पायडर-मॅन ३' हा तिन्हींतला सर्वोत्तम आहे, असं मी कुणाशीही भांडून सांगेन.

पण सँडमॅनला पीटरशी जोडायचं कसं? तर पीटरच्या बेनकाकांचा खरा खुनी तोच होता, असं ठरवलं गेलं. इथे मोठं नुकसान झालं, आणि ते फक्त या चित्रपटाचं नव्हतं. पहिल्या भागाचा पाया असा होता की पीटरने ज्या चोराला 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ दिलं, त्यानेच काकांना मारलं. त्या अपराधभावनेवर पूर्ण त्रयी उभी आहे. गोळी दुसऱ्याच कुणी झाडली होती असं पाच वर्षांनी सांगितल्यावर तो पाया हलतो. मागच्या भागात जे घडलं त्याचा अर्थ नंतर बदलायचा, ही युक्ती कॉमिक्समध्ये सर्रास चालते. तिथे हजारो अंक असतात, एक बदल पचून जातो. तीन चित्रपटांच्या गोष्टीत तो पचत नाही. हॅरीचंही तसंच. दोन भाग जपलेलं त्याचं वैर कसं संपतं? घरातला जुना नोकर येतो आणि सांगतो की जखम मी पाहिली होती, तुमचे वडील त्यांच्याच ग्लायडरने मेले. हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं! थिएटरात हसू फुटावं असा हा खुलासा आहे, आणि त्यावर क्लायमॅक्स उभा आहे.

एवढ्यावर व्हेनम आला. निर्माते अवी अराड यांचं म्हणणं होतं की चाहत्यांना तो हवाय, आणि ते खोटंही नव्हतं. नव्वदच्या दशकात वाढलेल्या वाचकांचा तो अतिशय लाडका खलनायक. रेमीचा जीव मात्र साठच्या दशकातल्या जुन्या खलनायकांत होता. चित्रपट आल्यानंतर काही वर्षांनी त्याने मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केलं की चित्रपट जमला नाही, आणि सगळ्या पात्रांवर आपला मनापासून विश्वास नव्हता. पडद्यावर ते दिसतंच. १३९ मिनिटांच्या चित्रपटात व्हेनम अवतरतो तो शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात, तेही चर्चच्या घंटेखाली योगायोगाने उभ्या असलेल्या माणसावर काळा पदार्थ टपकला म्हणून. त्याआधी तोच काळा पदार्थ अंतराळातून नेमका पीटरच्या शेजारी येऊन पडलेला आणि काळा पोशाख होऊन त्याला चिकटलेला. दोन योगायोगांवर एक खलनायक. कॉमिक्समध्ये काळा पोशाख १९८४ साली आला आणि व्हेनम पूर्ण रूपात प्रकटला १९८८ साली. मधली चार वर्षं वाचक त्या पोशाखासोबत राहिले होते, म्हणून त्याचं उलटणं झोंबलं.

चार वर्षांचा हा हिशेब दुसऱ्याही एका चित्रपटाला तंतोतंत लागू होतो. एक्स-मेन कॉमिक्समध्ये जीन ग्रेची फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीचं तिचं नवं रूप, झाली १९७६ मध्ये आणि ती कथा तिच्या मृत्यूने संपली १९८० मध्ये. लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी तिला सावकाश बिघडू दिलं. चित्रपटांच्या दुसऱ्या भागाने, २००३ साली, शेवटच्या दृश्यात तळ्याच्या पाण्याखाली पक्ष्याची आकृती दाखवून या कथेचं वचन देऊन टाकलं. २००६ च्या 'द लास्ट स्टँड'ने वचन पाळलं, पण सोबत आणखी एक पूर्ण कथा घेतली: उत्परिवर्तितांना, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती असलेल्या एक्स-मेनसारख्यांना, सामान्य माणूस बनवणारं औषध. ही कल्पना स्वतंत्रपणे फार चांगली आहे. आपलं वेगळेपण हा आजार आहे का, यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. दोन्ही एकत्र आल्यावर औषधाच्या गोष्टीला पळापळ मिळाली आणि जीन ग्रे बहुतेक वेळ खलनायक मॅग्नेटोच्या मागे गप्प उभी राहिली. विश्वातली सर्वांत ताकदवान बाई, आणि तिला उभं राहण्यापलीकडे काम नाही. यात लांबी पाहा: दुसरा भाग १३४ मिनिटांचा, आणि दोन मोठ्या कथा पोटात घेतलेला तिसरा १०४ मिनिटांचा.

असं का झालं याचं उत्तर बरंचसं कॅलेंडरात आहे. दिग्दर्शक ब्रायन सिंगर सुपरमॅन करायला निघून गेला. मॅथ्यू व्हॉन आला आणि चित्रीकरणाला थोडा अवधी उरला असताना त्यानेही काढता पाय घेतला. मग ब्रेट रॅटनर आला. या सगळ्यात एक गोष्ट हलली नाही: मे २००६ ची प्रदर्शनाची तारीख. मोठ्या चित्रपटांच्या जगात अनेकदा तारीख आधी ठरते आणि पटकथा नंतर. थिएटरं, जाहिराती, खेळण्यांचे करार, व्हीएफएक्स कंपन्यांचं वेळापत्रक, सगळं त्या तारखेला बांधलेलं असतं. त्यामुळे पटकथा कच्ची असली तरी शूटिंग सुरू होतं. पहिल्या भागाला हा जाच कमी असतो, कारण तोवर त्याची कुणी वाट बघत नसतं. तिसऱ्याच्या वेळी कलाकारांच्या तारखांचाही पेच वाढलेला असतो. सायक्लॉप्सची भूमिका करणारा जेम्स मार्सडेन सिंगरच्या सुपरमॅनमध्येही होता. 'द लास्ट स्टँड'मध्ये सायक्लॉप्स सुरुवातीलाच मारला जातो, आणि तेही पडद्याआड. दोन भागांचा नायक असा उरकला.

आता पैशाकडे वळू, कारण इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. "इतका वाईट होता तर इतका चालला कसा?" हा प्रश्न तिसऱ्या भागाबद्दल हमखास विचारतात. 'स्पायडर-मॅन ३'ने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर मिळवले, म्हणजे रेमीच्या तिन्ही भागांत सर्वाधिक. 'द लास्ट स्टँड'नेही आधीच्या दोन्ही एक्स-मेन चित्रपटांपेक्षा जास्त कमावले. पण पहिल्या तीन दिवसांचं तिकीट काढणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसतो. त्याला आठवत असतो तो मागचा भाग. ओपनिंग वीकेंडचा आकडा ही खरं तर दुसऱ्या भागाला मिळालेली पावती असते, ती फक्त तिसऱ्याच्या नावावर जमा होते. तिसरा भाग लोकांना कितपत आवडला हे नंतरच्या आठवड्यांत कळतं.

अमेरिका आणि कॅनडातले आकडे घ्या. २००२ च्या पहिल्या 'स्पायडर-मॅन'ने पहिल्या तीन दिवसांत जवळपास साडेअकरा कोटी डॉलर मिळवले. एका वीकेंडला दहा कोटी ओलांडणारा तो पहिला चित्रपट. तिथली त्याची एकूण कमाई ४० कोटींवर गेली, म्हणजे पहिल्या तीन दिवसांचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या भागाने पहिल्या तीन दिवसांत १५ कोटी मिळवून तेव्हाचा विक्रम केला, आणि एकूण गाडी अडली साडेतेहतीस कोटींवर. तीन दिवसांचा वाटा ४५ टक्के. या पाच वर्षांत पडदे वाढले होते, त्यामुळे सगळ्याच चित्रपटांची पहिल्या आठवड्यातली गर्दी वाढली होती, हे मान्य. पण एकूण रक्कम घटली ती पडद्यांमुळे नव्हे. त्या बाजारात तीन भागांची उतरंड सरळ दिसते: ४० कोटी, ३७ कोटी, साडेतेहतीस कोटी. बाकीच्या देशांत बाजार फुगत होता म्हणून जगभरची बेरीज वाढली आणि घसरण झाकली गेली. 'द लास्ट स्टँड'चं चित्र तर याहून उघड आहे. पहिल्या वीकेंडला दहा कोटींवर, पुढच्याला साडेतीन कोटींपेक्षाही कमी. दोन तृतीयांश प्रेक्षक एका आठवड्यात गायब. तरी हिशेबाच्या वहीत तो फायद्यातच.

म्हणूनच स्टुडिओला धडा मिळत नाही. तो उशिरा मिळतो, चौथ्या चित्रपटाच्या वेळी किंवा पुढच्या त्रयीत, आणि तोवर निर्णय घेणारी माणसं बदललेली असतात. फिनिक्सची कथा २०१९ मध्ये पुन्हा केली गेली. 'द लास्ट स्टँड'च्या दोन लेखकांपैकी एक, सायमन किनबर्ग, या वेळी लेखक-दिग्दर्शक. हा चित्रपट जगभरात २५ कोटी डॉलरच्या आसपास अडकला, म्हणजे ज्याची चूक सुधारायची होती त्याच्या जवळपास निम्म्यावर.

आणखी एक कारण आहे. ते कुणाच्याच दोषाचं नाही आणि म्हणून त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. उत्कृष्ट चित्रपट व्हायला कौशल्य लागतं, तसाच योगही लागतो. योग्य नट मोकळा असणं, पटकथेचा गुंता वेळेत सुटणं, कापलेलं दृश्य नेमकं कापायलाच हवं असलेलं निघणं. एखाद्या वेळी हे सगळं जुळतं. पुढच्या वेळी कौशल्य तेच राहतं, योग मात्र नेहमीसारखाच, म्हणजे बरा-वाईट मिसळलेला. त्यामुळे असामान्य कामानंतरचं काम बहुतेकदा त्याच्या खाली येतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आता यात निवडीचा भाग मिसळा. आपण "तिसऱ्याने निराशा केली" असं म्हणतो ते मुख्यतः कुठे? जिथे दुसरा अप्रतिम होता तिथे. दुसरा भाग सुमार असेल तर तिसऱ्याकडून कुणी आशाच ठेवत नाही, आणि आशा नसेल तर निराशा कुठली.

याची उलट बाजू तपासून पाहता येते. गाजलेले तिसरे भाग कुठले? २०१७ चा 'लोगन'. एक्स-मेनमधल्या वोल्व्हरिनचा, म्हणजेच लोगनचा, २००९ चा पहिला स्वतंत्र चित्रपट टीकेचा धनी झाला होता, २०१३ चा दुसरा बरा होता. त्यामुळे दिग्दर्शक जेम्स मँगोल्डवर मागची जवळपास कसलीच देणी नव्हती. त्याने एकच गोष्ट सांगितली, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची, आणि तिला रूपांतरित पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच वर्षीचा 'थॉर: रॅग्नारॉक' घ्या. २०१३ चा दुसरा थॉर फारसा कुणाला आठवत नव्हता, म्हणून तायका वाइटिटीला हातोडा मोडायची, केस कापायची, सूरच बदलायची मुभा मिळाली. या मांडणीत न बसणारा चित्रपट म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा तिसरा, २०१६ चा 'सिव्हिल वॉर'. त्याचा दुसरा भागही उत्तम होता आणि तिसराही टिकला. मला वाटतं, तिथे नव्या पात्रांची ओळख आणि जुनी भांडणं यांचा बराच भार आधीच इतर चित्रपटांनी उचलला होता. पण एक उदाहरण मांडणीबाहेर राहतं, हे राहतंच.

ख्रिस्तोफर नोलनच्या 'द डार्क नाइट राइझेस'ला या यादीत घालावं का, यावर चाहत्यांचं कधीच जुळणार नाही. मी अर्धवट घालतो. २०१२ चा हा चित्रपट ढिसाळ नाही, त्याला स्वतःचा प्रश्न आहे: मोडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो का? पण २००८ च्या दुसऱ्या भागात हीथ लेजरचा जोकर होता. चित्रपट यायच्या आधीच, जानेवारीत, लेजर गेला. तिसऱ्या भागात जोकरचा उल्लेखही केलेला नाही. हा निर्णय आदरापोटी होता आणि योग्य होता, तरीही पडद्यावरची ती पोकळी भरली नाही. बाकी तक्रारी, म्हणजे दूरच्या तुरुंगातून सुटलेला ब्रूस वेन वेढा पडलेल्या शहरात पोचला कसा वगैरे, चांगल्या दुसऱ्या भागात आपण माफ केल्या असत्या.

रेमीने मात्र धडा घेतला होता. चौथा स्पायडर-मॅन मे २०११ मध्ये यायचा होता. पटकथा मनासारखी होईना. या तारखेला चांगला चित्रपट देता येणार नाही, असं त्याने सोनी या स्टुडिओला सांगितलं आणि जानेवारी २०१० मध्ये तो चित्रपट रद्द झाला. स्टुडिओला थांबणं सोपं नव्हतं, कारण ठरावीक मुदतीत चित्रपट केला नाही तर स्पायडर-मॅनचे हक्क मार्वेलकडे परत जातात. त्यामुळे २०१२ मध्ये अँड्र्यू गारफिल्डला घेऊन सगळं पहिल्यापासून सुरू झालं. त्याच्या २०१४ च्या दुसऱ्याच भागात इलेक्ट्रो, ग्रीन गॉब्लिन आणि ऱ्हायनो असे तीन खलनायक आले. ऱ्हायनो तर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. सहा खलनायकांच्या वेगळ्या चित्रपटाची जुळवाजुळवही त्यातच उरकली गेली. कमाईत तो तोवरच्या पाचही स्पायडर-मॅन चित्रपटांत तळाला राहिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनीने मार्वेल स्टुडिओजशी करार करून नवा स्पायडर-मॅन शोधायला घेतला. गारफिल्डच्या तिसऱ्या भागाची तारीख दुसरा भाग थिएटरात यायच्या आधीच, २०१३ मध्ये, जाहीर झाली होती: १० जून २०१६. तो चित्रपट बनलाच नाही.